लाइव्ह की स्टुडिओ? एकाच पियानोवादकाची दोन रेकॉर्डिंग कशी ताडून पाहावीत

मैफल आणि रेकॉर्ड यांतला फरक सवाईला जाणाऱ्या पुणेकराला वेगळा समजावून सांगायला नको. पण तोच कान जसाच्या तसा पियानोकडे नेला, तर फसगत होते. आपल्याकडे रागाची बढत दर वेळी नवी. अठराव्या शतकातला जर्मन संगीतकार बाख वाजवणाऱ्यासमोर मात्र सूर न् सूर लिहिलेला असतो. तेव्हा फरक शोधायचा तो लयीत, वजनात आणि थांबण्यात.

१. जोडी जवळच्या काळातली निवडा. पियानोवादक ग्लेन गूल्डने बाखची ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’ (एक आरिया, म्हणजे मूळ धून, आणि तिची बदलती रूपे) स्टुडिओत दोनदा रेकॉर्ड केली. १९५५चे रेकॉर्डिंग सुमारे ३८ मिनिटांचे, १९८१चे ५१. दोन्ही स्टुडिओचीच, तरी एवढी तफावत! वय बदलले, विचार बदलला. म्हणून १९५९ची त्याची साल्झबर्गची मैफल १९५५शी ताडा, १९८१शी नको. एकूण मिनिटांवरही जाऊ नका. बाखने प्रत्येक भागाचे दोन्ही अर्धे पुन्हा वाजवायला सांगितले आहेत; गूल्डने १९५५मध्ये त्या पुनरावृत्ती गाळल्या, १९८१मध्ये काही घेतल्या. नुसती सुरुवातीची आरिया घ्या: आधी दोन मिनिटांच्या आत, नंतर तीनच्या आसपास. खरा फरक तिथे दिसतो.

२. आवाज सारखा करा. जरा मोठ्याने वाजणारे रेकॉर्डिंग कानाला उगीचच सरस वाटते. हेडफोन तोच ठेवा. घर लक्ष्मी रस्त्यावर असेल, तर रात्री उशिरा ऐका; हळुवार जागा रहदारीत साफ बुडतात.

३. दोन-तीन मिनिटांचाच तुकडा घ्या, आणि लाइव्ह आधी ऐका. स्टुडिओतली सफाई एकदा कानात बसली की मैफलीतल्या चुकाच तेवढ्या टोचत राहतात.

यासाठी रशियन पियानोवादक स्वियातोस्लाव रिश्टरची बल्गेरियातल्या सोफियातली मैफल घ्या, फेब्रुवारी १९५८ची. रशियन संगीतकार मुसोर्गस्कीची रचना ‘पिक्चर्स ॲट अॅन एक्झिबिशन’. सुरुवातीला साथीशिवाय एकच सुरावट येते, मग तीच जाड स्वरसमूहांत. रेकॉर्डिंग मोनो, जरा कोंदट, आणि श्रोते भर हिवाळ्यात मनमुराद खोकताहेत. काही सूर चुकलेतही. ते मोजत बसू नका. चुकल्यावर पुढच्या मात्रेला काय झाले ते ऐका. हात सावध झाला, की होता त्याच वेगाने पुढे गेला? पुढे ‘ग्नोमस’ या भागात मध्येच थांबे आहेत. प्रत्येक थांबा किती ताणलाय ते लिहून ठेवा आणि मग त्याचेच स्टुडिओतले रेकॉर्डिंग लावा.

४. मायक्रोफोन कुठे असेल, याचा अंदाज घ्या. स्टुडिओत तो बहुधा पियानोजवळ असतो. गूल्डचे गुणगुणणेसुद्धा ऐकू येते. सभागृहात भिंतींवरून परतणारा आवाज मिसळतो, आणि वादक त्या हिशेबाने पेडल (सूर लांबवणारी पायपट्टी) कमी-जास्त करतो. कॅम्पातल्या माझदा हॉलमध्ये पियानोचा कार्यक्रम असेल तेव्हा जाऊन बसा, शक्यतो मागच्या रांगेत. मग रेकॉर्डिंगमधला ‘जवळचा’ पियानो किती बेतलेला असतो ते कळेल.

५. वेष्टनावरच्या ‘लाइव्ह’ शब्दावर फार भिस्त ठेवू नका. बारा वर्षांच्या खंडानंतर पियानोवादक व्लादिमिर होरोविट्झ ९ मे १९६५ रोजी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये परतला आणि बाखच्या, बुसोनीने पियानोसाठी बसवलेल्या टोकाटा या रचनेत सुरुवातीलाच चुकला. त्या मैफलीची रेकॉर्ड आली ती दुरुस्त्या करून. जशीच्या तशी मैफल बाजारात यायला २००३ उजाडले. माझे मत विचाराल, तर २००३चीच आवृत्ती घ्या.