मज्जारज्जूतल्या दोन वाटा कशा तपासायच्या

कंपन आणि सांध्याची स्थिती यांचे संदेश मज्जारज्जूच्या मागच्या स्तंभांतून त्याच बाजूने वर चढतात आणि लंबमज्जेत, म्हणजे मेंदूच्या तळाशी, बाजू बदलतात. वेदना आणि तापमानाचे संदेश मात्र मज्जारज्जूत शिरल्यावर एक-दोन खंडांतच (खंड म्हणजे मज्जारज्जूचा एक टप्पा) पलीकडे जातात. म्हणून मज्जारज्जूच्या उजव्या अर्ध्या भागाला इजा झाली, तर उजव्या पायाचं कंपन जातं आणि डाव्या पायाला टोचलेलं कळत नाही.

१२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क घ्या. आधी छातीच्या मधल्या हाडावर टेकवून कंपन म्हणजे काय ते कळू द्या, मग डोळे मिटायला सांगून पायाच्या अंगठ्यावर टेकवा. "थांबलं की सांगा," असं म्हणा. नुसतं "जाणवतं का?" विचारलंत, तर पेशंट धातूच्या स्पर्शालाच "हो" म्हणून मोकळा होतो. अधूनमधून न वाजवताही टेकवून बघा.

सांध्याची स्थिती तपासायला पायाचा अंगठा वर-खाली हलवताना दोन्ही कडांनी धरा, नाहीतर बोटाच्या दाबावरूनच दिशा ओळखली जाते.

वेदनेसाठी पिनेची टोचणी पायापासून वर न्या आणि जाणीव बदलते तिथे पेनाने खूण करा. बेंबीची पातळी म्हणजे मज्जारज्जूच्या छातीच्या भागातला दहावा खंड. प्रत्यक्ष इजा खुणेपेक्षा एक-दोन खंड वर असू शकते. पिन दर पेशंटला नवी.

तापमानासाठी पाणी भरलेल्या दोन काचनळ्या घ्या: थंड नळी ५ ते १० अंश सेल्सिअसची, गरम ४० ते ४५ची. नागपुरात मे महिन्यात नळाचं पाणी थंड समजून भरू नका, गच्चीवरच्या टाकीतलं ते चांगलं तापलेलं असतं. फ्रिजमधलंच घ्या. ५०च्या वर गेलात तर तापमान नाही, वेदनाच तपासली जाते.