प्रयोगाच्या खोलीत सर नकोत

अर्थशास्त्रात एम.ए. करून प्रायोगिक अर्थशास्त्राकडे वळू पाहणाऱ्या जळगाव, धुळे, नंदुरबारच्या विद्यार्थ्यांसाठी हे लिहीत आहे. अल्टिमेटम गेम, ट्रस्ट गेम वगैरे पैसे देण्या-घेण्याचे खेळ तुम्ही वाचलेले असणार, म्हणून त्यांची उजळणी करत नाही. असे खेळ संगणकावर घेण्याची ओट्री ही प्रणाली मोफत आहे आणि ब्राउझरवर चालते, तेव्हा सुसज्ज प्रयोगशाळा नाही म्हणून अडून बसण्याचे कारण नाही.

अडचण निराळीच आहे. डिक्टेटर गेममध्ये हाती आलेल्या रकमेतून समोरच्या अनोळखी माणसाला किती द्यायचे, हे सहभागी एकटा ठरवतो. आमच्याकडे हा खेळ झाला तेव्हा मार्गदर्शक दारातच खुर्ची टाकून बसले होते आणि बहुतेकांनी सरळ निम्मी रक्कम देऊन टाकली. बाहेर पडताना एक मुलगा मित्राला म्हणाला, “सर देखी राहिनात ना भो!” अंतर्गत गुण ज्यांच्या हाती, त्यांच्यासमोर कोण कद्रूपणा करील? मोजायचे होते औदार्य आणि मोजला गेला धाक; ती सगळी आकडेवारी बाजूला ठेवावी लागली.

हे काही आपल्याकडचेच दुखणे नाही. पुढे 2002 साली नोबेल मिळालेले व्हर्नन स्मिथ आणि त्यांचे सहकारी यांनी 1994 च्या शोधनिबंधात नेमका हाच प्रश्न तपासला. प्रत्येक सहभागीला एक पाकीट मिळे; बहुतेक पाकिटांत एक डॉलरच्या दहा नोटा आणि नोटेच्या मापाचे दहा कोरे कागद, तर मोजक्या पाकिटांत वीसही कागद कोरेच. सहभागी खोलीच्या मागच्या बाजूला खोक्याच्या आडोशाला जाऊन कोणतेही दहा तुकडे स्वतःसाठी काढून घेई आणि बाकीचे समोरच्यासाठी ठेवी, त्यामुळे उरलेले पाकीट सारख्याच जाडीचे राही आणि प्रयोग घेणाऱ्यालाही कोणी काय दिले ते कळत नसे. या व्यवस्थेत जवळजवळ दोन-तृतीयांश लोकांनी दमडीही दिली नाही. ही युक्ती दहा रुपयांच्या नोटा घेऊन आपल्याकडेही सहज करता येते. कोरे कागद मात्र नोटेच्या मापानेच कापा, नाहीतर चाचपून कळते.

आडनाव पुकारून मुलांना आत बोलावणे हा याच सापळ्याचा दुसरा दात आहे. आपल्या भागात आडनावावरून गाव, भाऊबंदकी आणि जात एका दमात कळते. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या शाळकरी मुलांना चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली, तेव्हा जात जाहीर केल्यावर खालच्या मानल्या गेलेल्या जातींतील मुलांची कामगिरी घसरली. म्हणून क्रमांकाची चिठ्ठी द्या, तोही प्रत्येकाने स्वतः उचललेला असावा.

पैसे खरे हवेत, यावर माझे मत ठाम आहे. गूगल फॉर्मवर “समजा तुम्हाला शंभर रुपये मिळाले” असे विचारून प्रबंध उरकणारे बरेच आहेत. त्याला सर्वेक्षण म्हणावे, प्रयोग म्हणू नये. हान्स बिन्स्वांगर यांनी सोलापूर आणि अकोला जिल्ह्यांतल्या गावांत खऱ्या रकमा लावून शेतकऱ्यांची जोखमीची तयारी तपासली होती, आणि रक्कम वाढली तसे बहुतेकजण जपून निवड करू लागल्याचे त्यांना 1980 च्या निबंधात नोंदवता आले. रक्कम थोडी असली तरी हरकत नाही, घाबरू नका. दिलेला शब्द पाळला गेला पाहिजे, कारण एकदा फसवणूक झाली की पुढच्या सत्रातली मुले सूचनांवर विश्वासच ठेवत नाहीत.

मार्गदर्शक निवडताना, नमुना किती मोठा हे आधी विचारणाऱ्यापेक्षा सूचनापत्र स्वतः वाचून त्यातल्या चुका दाखवणारा निवडावा. असा माणूस मिळायला वेळ लागतो, पण मिळतो.

शेवटी हिशेब. लेखाविभाग नाव, रक्कम आणि सही असलेली यादी मागतो, आणि जपलेली गुप्तता त्या यादीवर उघडी पडते. सत्राआधीच अर्ज करून क्रमांकनिहाय पावत्यांना मंजुरी घ्यावी, आणि बंद पाकिटे अशा व्यक्तीच्या हातून द्यावीत, जी मुलांना शिकवत नाही आणि जिने खेळ पाहिलेला नाही.