तीर्थनच्या काठावरून ट्राउट: नवख्यांनो, या चुका टाळा

हिमाचलला जाणारी आपली बहुतेक मंडळी औटच्या बोगद्यातून थेट कुलू-मनाली गाठतात. बोगद्याच्या अलीकडेच बंजारकडे रस्ता फुटतो. त्या बाजूला नागिनी, गुशैणी या गावांना लागून तीर्थन नदी वाहते आणि तिच्यात ब्राउन ट्राउट आहे. हा मासा मूळचा इथला नाही. इंग्रजांनी तो आधी काश्मीरमध्ये आणला आणि १९०९च्या सुमारास तिथून कुलूत. पण आता तो इथे चांगलाच रुळला आहे.

पवनेच्या किंवा मुळशीच्या काठावर गळ टाकून बसायची सवय असलेला माणूस इथे आला की पहिला दिवस कोरडाच जातो. आमिष टाकायचं, घंटी लावायची आणि चहा प्यायचा, हा खाक्या इथे चालत नाही. इथे फ्लाय फिशिंग चालतं. फ्लाय म्हणजे पिसं-धागे गुंडाळून किड्यासारखा केलेला गळ. यात वजन फ्लायला नसतं, दोरीला असतं. दोरी फेकायची, फ्लाय तिच्यामागून जाते. म्हणूनच गेस्ट हाउसवाला ‘रॉड है सर’ म्हणाला की आधी तो रॉड बघून घ्या. बऱ्याचदा तो स्पिनिंगचा, म्हणजे वजनदार आमिष फेकायचा निघतो. त्या रॉडने ट्राउट मिळत नाही असं नाही, पण त्याने फ्लाय फेकता येणार नाही. ९ फुटी, ५ वेटचा (म्हणजे ५ नंबरच्या दोरीसाठीचा) रॉड आणि त्याच नंबरची दोरी नवख्याला पुरते.

दिवाळीच्या सुट्टीत जाणं

ही चूक खास आपली. १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारी अखेरपर्यंत तिथे ट्राउट पकडायला बंदी असते, कारण ब्राउन ट्राउटचा अंडी घालण्याचा काळ तोच. दिवाळी नोव्हेंबरात आली की रॉड घरीच ठेवा. जुलै-ऑगस्टमध्ये पाणी गढूळ आणि फुगलेलं असतं. मार्च-एप्रिल चांगले, पाऊस ओसरल्यावरचा सप्टेंबर-ऑक्टोबर त्याहून चांगला. मे महिन्याच्या सुट्टीतच जमणार असेल तर पहाटे उठा. दिवसभर वरचा बर्फ वितळतो आणि दुपारनंतर पाणी चढतं, गढूळ होतं. नाश्ता उरकून दहा वाजता काठावर पोचणाऱ्याने दिवसाचा चांगला भाग घालवलेला असतो.

मत्स्य विभागाचा परवाना लागतो. किती मासे ठेवता येतात, किती लांबीचे, हे तो घेतानाच विचारून घ्या. ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कच्या हद्दीत मात्र मासेमारी करायची नाही.

पलीकडच्या काठाकडे फेकणं

नवखा माणूस काठावर येतो, एका उंच धोंड्यावर चढतो आणि सगळा जोर लावून नदीच्या मध्यावर दोरी फेकतो. तीर्थनसारख्या खळाळत्या नदीत पाण्याचा सगळा जोर मध्यावर असतो. ट्राउटला त्या धारेशी दिवसभर झगडणं परवडत नाही. तो काठालगतच्या धोंड्यामागे, वेगवान धार आणि संथ पाणी यांच्यामधल्या रेघेवर उभा राहतो आणि धारेतून येणारं खाणं तोंडाशी आलं की उचलतो. म्हणजे पुष्कळदा मासा तुमच्या पायापासून दोन-तीन मीटरवर होता, आणि तुम्ही धोंड्यावर चढलात तेव्हाच पळाला.

ट्राउट तोंड वरच्या अंगाला, म्हणजे पाणी येतं त्या बाजूला करून उभा राहतो. त्याला पुढचं आणि बाजूचं छान दिसतं, बरोबर मागचं दिसत नाही. म्हणून खालच्या अंगाने, वाकून, वर सरकत जा. पांढरा टी-शर्ट, लाल टोपी नको. काठाला लागायच्या आधी चार पावलं मागे थांबून पहिली फ्लाय काठालगतच्या पाण्यातच टाका. मग थोडी पुढे, मग आणखी थोडी पुढे. मधली धार सगळ्यात शेवटी.

फ्लाय पाण्यावर ओढली जाणं

मासा न लागण्याचं सगळ्यात मोठं कारण हे आहे, आणि नेमकं याकडेच कुणाचं लक्ष नसतं. सगळे फेकण्याचा सराव करतात. फ्लाय पाण्यावर पडल्यावर काय होतं ते कुणी बघत नाही.

समजा, समोर एक धोंडा आहे. त्याच्यामागे संथ पाणी, आणि ते पाणी व तुम्ही यांच्यामध्ये वेगवान पट्टा. फ्लाय बरोबर संथ पाण्यात पडली, पण दोरी त्या पट्ट्यावर पडली. पट्टा दोरी खाली वाहून नेतो, दोरीला पोट सुटतं आणि दोन सेकंदांत फ्लायला हिसका बसतो. खरा किडा पाण्याबरोबर वाहतो, असा आडवा पळत नाही. मासा बघतो आणि सोडून देतो.

ओळखायचं कसं? फ्लायशेजारी फेसाचे बुडबुडे वाहत असतात. एका बुडबुड्यावर नजर ठेवा. फ्लाय आणि तो बुडबुडा बरोबर चालले पाहिजेत. फ्लाय पुढे धावली किंवा तिच्यामागे पाण्यावर बारीक रेघ उमटली, म्हणजे ओढ बसली. पाण्याखालच्या निम्फला, म्हणजे अळीसारख्या दिसणाऱ्या बुडत्या फ्लायला हेच लागू, फक्त तिथे फ्लायऐवजी इंडिकेटर (वर तरंगणारी छोटी खूण) आणि बुडबुडा यांची जोडी बघायची.

सगळ्यात सोपा उपाय म्हणजे जवळ जाणं. चार-पाच मीटरवरून रॉड उंच धरला तर वेगवान पट्ट्यावर दोरी पडतच नाही, फक्त लीडर, म्हणजे दोरी आणि फ्लाय यांच्यामधला बारीक धागा, पाण्यात राहतो. ते जमत नसेल तर दोरी पडल्या पडल्या रॉडच्या टोकाने अर्धगोल काढून तिचं पोट वरच्या अंगाला उचलून टाका. याला मेंडिंग म्हणतात. जोर लावू नका, नाहीतर फ्लायसुद्धा उचलली जाते. तुमच्याजवळचं पाणी संथ आणि पलीकडचं वेगवान असेल तर उलटं, पोट खालच्या अंगाला. तरीही जमलं नाही तर जागा बदला. काही जागांवरून काही मासे मिळतच नाहीत, त्यात कमीपणा नाही.

मागे न बघणं

तीर्थनच्या काठावर झाडी दाट आहे. दोरी मागे जितकी जाते तितकीच पुढे येते, म्हणून फेकण्याआधी एकदा वळून बघा. मागे जागा नसेल तर रोल कास्ट शिका. त्यात दोरी मागे उडतच नाही. घरून निघण्यापूर्वी एखाद्या तळ्यावर दोन संध्याकाळ सराव केला तरी पुरे. मैदानावर रोल कास्ट नीट जमत नाही, त्याला पाण्याची पकड लागते.

मागून चाबकासारखा फटकारा ऐकू आला तर दोरी सरळ व्हायच्या आत तुम्ही पुढे ओढली आहे. फ्लाय टोकाला आहे का तपासा, बहुधा तुटून गेलेली असते.

किरकोळ, पण मासे घालवणाऱ्या गोष्टी

गाठ आवळण्यापूर्वी ओली करा. कोरड्या घर्षणाने टिपेट, म्हणजे लीडरचं फ्लायकडचं बारीक टोक, कमजोर होतं आणि मासा लागला की नेमकं गाठीशी तुटतं. ५एक्स मापाचं टिपेट जेमतेम ०.१५ मिलिमीटर जाड असतं. लीडरमध्ये आपोआप पडलेली गाठ दिसली तर तेवढा भाग बदलून टाका.

कुठली फ्लाय लावू, हे दुकानदाराला विचारण्याआधी काठचा एक दगड उलटा करा. खाली चपट्या, शेपट्या असलेल्या अळ्या चिकटलेल्या दिसतील, आणि वाळूचे कण चिकटवून केलेल्या इवल्या नळ्या. त्यांच्या आकाराची, रंगाची निम्फ लावा. १४ किंवा १६ नंबरचा गळ बहुतेक वेळा चालतो. दगड होता तसा ठेवा.

मासा घेतो पण लागत नाही, अशी तक्रार असेल तर हातातली ढिली दोरी बघा. ती रॉड धरलेल्या हाताच्या बोटाखाली दाबलेली हवी. आणि रोहूला मारतो तसा हिसडा मारू नका, रॉडचं टोक नुसतं वर उचला.

मासा सोडणार असाल तर गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा आधीच पकडीने दाबून टाका. हात ओले करूनच त्याला धरा, कोरड्या हातांनी त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. फोटोसाठी त्याला तापलेल्या दगडावर आडवा घालणाऱ्यांना माझ्याकडे उत्तर नाही.

पाण्यात उतरणं

उतरू नका. तीर्थनचे धोंडे शेवाळाने निसरडे असतात आणि पाणी बर्फाचं. काठावरूनच भरपूर मासा मिळतो. आणि लारजीच्या धरणाखाली बियास नदीकाठी रॉड घेऊन बसायचा मोह टाळा. ८ जून २०१४ रोजी या धरणातून पाणी सोडल्यावर हैदराबादचे २४ इंजिनिअरिंगचे विद्यार्थी तिथेच खाली, थलौटजवळ वाहून गेले. नदी तेव्हा शांत दिसत होती.