मन सांगतंय म्हणून? कामाचे निर्णय घेताना या चुका टाळा

‘भावना बाजूला ठेवा, मग निर्णय घ्या’ हा सल्ला नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या गाळ्यापासून पिंपळगावच्या द्राक्षांच्या पॅकहाउसपर्यंत सगळीकडे ऐकू येतो. तो अर्धाच खरा आहे. मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झालेले काही रुग्ण मेंदूतज्ज्ञ अँटोनियो दमासिओ यांनी तपासले. बुद्धी शाबूत, पण भावना बोथट झालेल्या. त्यातल्या एकाला पुढच्या भेटीसाठी दोन तारखांतली एक निवडायला सांगितली, तर तो अर्धा तास दोन्ही बाजू मांडत बसला.

चूक १ : राग कुठला, काढला कुठे

नाशिकच्या द्वारका चौकातल्या ट्रॅफिकमध्ये अर्धा तास गेला आणि आल्या आल्या कोटेशन हातात घेतलं, की चिडचिड त्या आकड्यात उतरते. रागात जोखीम लहान दिसते, भीतीत मोठी. म्हणून सही करण्याआधी एक ओळ लिहा : ‘मला ___ वाटतंय, कारण ___.’ नुसतं ‘बरं वाटत नाही’ चालणार नाही. राग, भीती, लाज, हाव, नेमकं नाव घाला. (शेजारच्या गाळ्यात नवं व्हीएमसी, म्हणजे धातू कापणारं संगणकी मशीन आलं, हे कारण कुणी लिहीत नाही. बऱ्याचदा तेच असतं.)

कारण या कामाबाहेरचं असेल तर निर्णय उद्यावर टाका. कामातलंच असेल, उदाहरणार्थ ‘हा ग्राहक पैसे अडकवेल’, तर त्या भीतीला खात्यावर तपासा. त्याची मागची सहा बिलं किती दिवसांत आली? सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे, असं २००६ चा कायदा सांगतो. सहापैकी चार बिलं ९० दिवसांपुढे गेली असतील, तर पोटातला गोळा बरोबर होता.

चूक २ : कल्पना फक्त गोड बाजूने धावते

मशीन आलं, ऑर्डर वाढल्या, हप्ता आरामात निघतोय, एवढंच चित्र डोळ्यांपुढे येतं. यावर मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांची पद्धत उपयोगी पडते. चार-सहा जण बसवा, त्यांत मशीनवरचा ऑपरेटर हवाच. सांगा : ‘एक वर्ष झालंय, मशीन बंद पडून आहे, हप्ते थकलेत. का?’ दहा मिनिटं प्रत्येकाने गप्प बसून कागदावर कारणं लिहायची. मग फेरीने एकेक कारण वाचायचं.

ही बैठक दोन ठिकाणी फसते. पहिलं, मालक आधी बोलतो; मग बाकीचे त्याचीच री ओढतात. त्याने शेवटी बोलावं. दुसरं, ‘काय चुकू शकेल?’ असं विचारलं जातं. त्यावर ‘काही नाही, होईल साहेब’ एवढंच उत्तर येतं. ‘चुकलंय’ असं धरून विचारलं की ‘सगळं काम एकाच ग्राहकाचं होतं’, ‘सेटिंग येणारा एकच माणूस होता, तो सोडून गेला’ अशी कारणं निघतात. त्यातली तीन निवडा. प्रत्येकापुढे पहिली खूण काय दिसेल आणि ती कोण बघेल, हे लिहून ठेवा.

चूक ३ : घातलेल्या पैशाचा जीव

१९८५ च्या सुमारास इंटेलचा मेमरी चिपचा धंदा तोट्यात होता. कंपनीचे अध्यक्ष अँडी ग्रोव्ह यांनी प्रमुख गॉर्डन मूर यांना विचारलं, ‘आपल्या जागी नवा माणूस आला तर तो काय करेल?’ उत्तर आलं, मेमरीतून बाहेर पडेल. मग त्या दोघांनी तेच केलं. पैसा घातलाय म्हणून सोडवत नाही, अशा अडलेल्या कामावर हाच प्रश्न विचारा.

चूक ४ : सगळ्याच बाबतीत अनुभवावर विसंबणं

पंधरा वर्षं मशीनवर काढलेल्या माणसाला आवाजात फरक जाणवला तर मशीन थांबवा. चूक की बरोबर, हे त्याला दर वेळी लगेच कळत आलंय. मुलाखतीत ‘पोरगा चांगला वाटला’ याला ते बळ नाही, कारण नाकारलेले कसे निघाले असते हे कधी कळतच नाही. तिथे तासाभराचं प्रत्यक्ष काम करून घ्या.

चूक ५ : आभाळ आल्यावर भाव ठरवणं

फेब्रुवारीत ढग दिसले की द्राक्षबागेत मिळेल त्या भावाला सौदा होतो. भीती खरी असते, वेळ चुकलेली असते. ऊन असतानाच वहीत लिहा : अवकाळीचा अंदाज आला तर किती माल काढायचा, किमान भाव किती, रोख किती, उधारी कुणाला. ढग आल्यावर ते पान उघडायचं आणि व्यापाऱ्याला त्यावरचाच आकडा सांगायचा.