दार लगेच उघडू नका

भयकथा लिहिणारी मुलं सगळ्यात जास्त मेहनत भुतावर घेतात. केस मोकळे, पाय उलटे, डोळे लाल. आणि दुसऱ्याच पानावर त्याला दारात आणून उभं करतात. वाचक बघतो आणि पान उलटतो. कोल्हापुरात दिवाळी अंकांची प्रूफं तपासण्यात माझी बरीच वर्षं गेली. पावसाळ्यात कथांचे गठ्ठे येतात आणि त्यात हे दरवर्षी दिसतं. म्हणून जुन्या गॉथिक कथाकारांकडून, म्हणजे एकाकी घरं, बंद खोल्या आणि धास्ती यांच्या कथा इंग्रजीत लिहिणाऱ्यांकडून, जे उचलता येईल ते इथं सांगते.

त्यांचा जोर भुतावर नव्हता, दार उघडायला किती वेळ लावायचा यावर होता. दारापलीकडं काय असावं याचा अंदाज वाचकाला येऊ द्यायचा, आणि मग दार उघडू द्यायचं नाही. माहिती लपवून नुसतं कुतूहल तयार होतं. धास्ती वाटायला माहिती हातात असावी लागते.

इंग्रज लेखक डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्जची 1902 सालची ‘द मंकीज पॉ’ घ्या. तीन इच्छा पुरवणाऱ्या माकडाच्या वाळक्या पंजाकडं म्हातारा 200 पौंड मागतो. दुसऱ्या दिवशी मुलगा कारखान्यात यंत्रात सापडून जातो आणि भरपाई येते नेमकी 200 पौंड. काही दिवसांनी आई हट्ट धरते, त्याला परत माग. तेव्हा बाप एवढंच बोलतो की मी त्याला फक्त कपड्यांवरून ओळखलं. हे वाक्य म्हणजे सगळ्या कथेची कळ आहे. प्रेत कसं होतं याचं वर्णन जेकब्ज करतच नाही. ते आपण करतो, आणि मनातल्या मनात केलेलं वर्णन खोडता येत नाही.

शेवटी बाप दुसरी इच्छा मागतो, मुलगा परत येऊ दे. मग रात्री दारावर थाप पडते. आईला वाटतं, पोरगा आला. बापाला ठाऊक आहे, काय आलंय. ती खाली धावते, साखळी काढते, खालचा बोल्ट ओढते. वरच्या बोल्टला हात पुरत नाही, म्हणून खुर्ची ओढून आणते. इकडं बाप अंधारात गुडघ्यांवर बसून जमिनीवर पंजा चाचपडतोय. बोल्ट करकरत सरकतो त्याच क्षणी त्याला पंजा सापडतो आणि तो तिसरी इच्छा मागतो. थापा थांबतात. दार उघडतं तर बाहेर दिवा आणि मोकळा रस्ता.

हा प्रसंग वहीत उतरवून काढा आणि प्रत्येक वाक्यापुढं लिहा, यानं दार किती लांबलं. मग तुमच्या कथेकडं या. दार, पेटी, विहिरीचं झाकण, जे काही उघडायचंय त्या उघडण्याचे तुकडे पाडा. शिवाजी पेठेतल्या जुन्या वाड्याचं दार असेल तर कडी आहे, कोयंडा आहे, भिंतीतल्या भोकात सरकणारा अडसर आहे, आणि पावसात लाकूड फुगलं की तो अडसर अडकतो. एवढं सामान तुमच्या घरातच पडलंय. फक्त दारापाशी दोन माणसं ठेवा, एकाला ते उघडायचं असावं आणि दुसऱ्याला कुठल्याही परिस्थितीत नको असावं.

इचलकरंजीचा एक मुलगा यंत्रमागाची कथा घेऊन आला होता. बंद शेडमधला माग रात्री चालू होतो आणि मागावर मेलेला कामगार बसलेला दिसतो. मी म्हटलं, “त्याला दाखवू नको. त्या मागाची मोटार मालकानं गेल्या महिन्यात काढून विकली, एवढं पहिल्या पानावर सहज बोलण्यात येऊ दे.” तो म्हणाला, “मॅडम, मग भूत?” मी म्हटलं, “आता खटखट सुरू झाली की कामगार वाचकच बसवेल.” त्यानं तसं केलं, आणि ती कथा मी प्रूफ म्हणून वाचायची सोडून कथा म्हणून वाचली.

वेळ लांबवायचा म्हणून पाऊस, वीज, घुबड घालू नका. वाचक असा परिच्छेद सरळ ओलांडतो. लांबवायचं ते कृतीनं. अमेरिकन लेखक एडगर अ‍ॅलन पोच्या 1843 च्या ‘द टेल-टेल हार्ट’मध्ये खुनी रोज मध्यरात्री म्हाताऱ्याचं दार उघडतो आणि नुसतं डोकं आत घालायला त्याला एक तास लागतो. आठव्या रात्री कंदिलाच्या पत्र्याच्या खटक्यावरून त्याचा अंगठा निसटतो. म्हातारा उठून बसतो, विचारतो, कोण आहे? त्यानंतर पूर्ण तासभर दोघंही हलत नाहीत. भीती त्या एका अंगठ्यात आहे. शिवाय सांगणारा खुनी स्वतःच, आणि आपण किती शहाणे आहोत हे तो पहिल्या ओळीपासून पटवत राहतो, त्यामुळं आपल्याला टेकायला जागाच राहत नाही. निवेदक निवडताना हे ध्यानात ठेवा.

जागेचं म्हणाल तर पन्हाळ्याची अंधारबाव आणि रंकाळ्यातला संध्यामठ सगळेच घेतात. जागा जबरदस्त आहेत, पण पन्हाळ्यावर घाबरलेला माणूस एसटी धरून घरी येऊ शकतो. गॉथिक जागेतून निघता येत नाही. अमेरिकन लेखिका शार्लट पर्किन्स गिलमनच्या 1892 च्या ‘द यलो वॉलपेपर’मधल्या बाईच्या खोलीला खिडक्यांना गज आहेत आणि पलंग जमिनीला ठोकलेला आहे.

आपल्याकडं तशी जागा पुराच्या दिवसांत तयार होते. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी प्रत्येक घरात तोंडपाठ असते, 39 फूट इशारा, 43 धोका. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेलं. नदीजवळच्या पेठेतलं तळमजल्याचं घर घ्या. सासूबाई हलायला तयार नाहीत, कारण मागच्या खोलीला कुलूप आहे आणि ते उघडं टाकून जाता येत नाही म्हणतात. सून दर तासाला आकडा विचारते. 39. 40 आणि 3 इंच. 41. वाचकाला 43 चा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. मधे कधीतरी सुनेच्या लक्षात येऊ द्या की कुलपाला गंज नाही, कुणीतरी त्याला तेल घालतंय. ही कल्पना मी मोकळी सोडते, ज्याला हवी त्यानं लिहावी, मनापासून वाचेन.

जुनी इंग्रज गॉथिक कादंबरीकार अ‍ॅन रॅडक्लिफ हिचा एक लेख तिच्या मृत्यूनंतर 1826 मध्ये छापला गेला. त्यात ती म्हणते, धास्तीनं मन जागं होतं आणि बीभत्स समोर आलं की ते गोठतं. म्हणून दार उघडल्यावर चार-पाच ओळींच्या पुढं जाऊ नका. मांत्रिक येऊन मागच्या जन्माची हकिगत सांगतो ते पान काढून टाका. खुलासा द्यायचाच असेल तर आधीच्या पानांवर, कुणाच्या तरी अर्धवट बोलण्यात द्या.

अंकाला पाठवण्याआधी घरातल्या कुणाला तरी कथा मोठ्यानं वाचून दाखवा. ऐकणारा ज्या ओळीला “पुढं?” म्हणेल तिथं पेन्सिलीनं खूण करा. अशा खुणा दार उघडण्याच्या आधीच्या पानांवर नसतील तर तेवढी पानं परत लिहा.