शंखातला जुना कॅमिओ: पारख आणि निगा

कॅमिओ म्हणजे वेगळ्या रंगाच्या थरावर उठावात कोरलेलं चित्र, बहुधा चेहरा. इटलीतल्या नेपल्सजवळच्या तोरे देल ग्रेकोमध्ये १९व्या शतकात शंखावर असे ग्रीक-रोमन चेहरे भरपूर कोरले गेले. जुना ब्रोच हाती आला की आधी उजेडासमोर धरा. शंख असेल तर तपकिरी थरातून उजेड झिरपतो आणि कोरलेल्या चेहऱ्याची, उदा. ग्रीक देवी अथेनाच्या शिरस्त्राणाची, कड सावलीसारखी उमटते. अकीक दगडावर कोरलेल्या कॅमिओतूनही उजेड जाऊ शकतो, पण तो दगड हाताला जड लागतो. शंखाची पाठ बहुधा किंचित खोलगट असते. मग १० पटीचं भिंग घ्या. केसांच्या बटांत हत्याराचे बारीक, असमान ओरखडे दिसले तर काम हाताचं. कडा गुळगुळीत, खळग्यांत बुडबुडे, तर साच्यातलं प्लास्टिक. प्लास्टिक ओळखायला तापलेली सुई मात्र कधीच टोचू नका, खरा शंख कायमचा डागाळतो.

शंख म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. लिंबू किंवा व्हिनेगर लागलं की नाकाचा शेंडा नि पापण्या बोथट होतात, आणि ती कोरीव धार पुन्हा येत नाही. कोमट पाण्यात साबणाचा १ थेंब, मऊ ब्रश, लगेच पुसणं, एवढंच पुरे. कोरडा पडलेला शंख तडकतो. म्हणून वर्षातून एकदा रात्री मिनरल ऑइलचा पातळ हात द्या आणि सकाळी सुती कापडानं टिपा. कंपनांनी दागिने धुणारं अल्ट्रासॉनिक यंत्र नको, त्यात जुनी चीर वाढते.