जुन्या धाटणीचं रिकर्व्ह धनुष्य बनवून घेताय? या चुका टाळा

जुन्या अमेरिकन रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेल्या) धनुष्यांच्या प्रेमात पडायला एक फोटो पुरतो. गडद लाकडाचा रायझर (मुठीचा मधला भाग), त्यात बसवलेलं नाणं, पारदर्शक फायबरग्लासखालून दिसणारे मेपलचे रेषे. १९५० आणि ६० च्या दशकांत मिशिगनमधल्या ग्रेलिंगला फ्रेड बेअर, अर्कान्सामधल्या पाइन ब्लफला बेन पिअर्सन आणि वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमाला डेमन हॉवट यांच्याकडे अशी धनुष्यं तयार होत. १९६९ मध्ये होलेस विल्बर अॅलन यांना कप्प्या लावलेल्या कंपाउंड धनुष्याचं पेटंट मिळालं आणि पुढे बाजाराचं तोंड तिकडे वळलं. तरी त्या घाटाचे चाहते टिकले. आज अनेक छोटे कारागीर तशीच धनुष्यं गिऱ्हाइकाच्या मापाने नव्याने बनवून देतात.

मापाने द्यायचं, तर आपलं माप आपल्याला माहीत हवं. ऑर्डरच्या कागदावर लाकडाच्या रकान्यात लोक चार ओळी लिहितात आणि ड्रॉ लेंग्थच्या, म्हणजे दोरी किती लांब ओढता त्याच्या, रकान्यात ‘२८ इंच असेल बहुतेक’ म्हणून मोकळे होतात. नंतरच्या तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

ड्रॉ लेंग्थ अंदाजाने सांगणं

धनुष्यावर ‘४५ पौंड @ २८ इंच’ असं लिहिलेलं असतं. म्हणजे दोरी २८ इंचांपर्यंत ओढली, की बोटांवर ४५ पौंड येतात. हे २८ इंच अमेरिकन उत्पादकांच्या संघटनेने ठरवलेल्या पद्धतीने मोजतात: ग्रिपच्या (मुठीच्या) सर्वांत खोल जागेपासून बाणाच्या नॉकच्या, म्हणजे मागच्या टोकाच्या, दोरी बसते त्या खाचेपर्यंतचं अंतर, अधिक पावणेदोन इंच. प्रत्येक इंच कमी-जास्त झाला की साधारण दोन ते तीन पौंडांचा फरक पडतो. मध्यम चणीच्या माणसाची ओढ २६ इंचांची असली, तर त्या ४५ पौंडी धनुष्यातून त्याला ४० च्या आसपासच मिळणार. सहा फुटी माणसाने तेच ३० इंचांपर्यंत ओढलं तर पन्नाशी गाठली जाईल, आणि ‘हे तर फारच जड निघालं’ म्हणून तो कारागिराला दोष देईल.

हातांचा पसारा मोजून अडीचने भागायचं, हे सूत्र सगळीकडे वाचायला मिळतं. सुरुवातीच्या अंदाजाला ते ठीक आहे, ऑर्डर द्यायला नाही. ऑलिम्पिक पद्धतीत ओढणारा हात हनुवटीखाली येतो, अंग सरळ असतं. पारंपरिक नेमबाजीत बोट ओठांच्या कोपऱ्याशी टेकतं, धनुष्य थोडं तिरकं धरलं जातं, पुढचा कोपर किंचित सैल असतो. त्यामुळे एकाच माणसाची ओढ इथे इंचभर तरी कमी भरू शकते. क्लबात ऑलिम्पिक रिकर्व्हवर घेतलेलं माप जसंच्या तसं लिहून पाठवू नका.

खात्रीचा उपाय सोपा आहे. वीस-पंचवीस पौंडांचं हलकं धनुष्य आणि लांब बाण घ्या. तुमच्या नेहमीच्या अँकरला (पूर्ण ओढीला हात चेहऱ्याशी टेकतो त्या जागी) थांबा आणि मित्राला रायझरच्या पुढच्या कडेशी बाणावर खूण करायला सांगा. नॉकच्या खाचेपासून त्या खुणेपर्यंतचं अंतर व्यवहारात पुरेसं अचूक असतं. हे एकदाच करून थांबू नका. सराव ताजा असताना मोजा, दमल्यावर मोजा, दोन आठवड्यांनी पुन्हा मोजा. आकडा अजून हलत असेल, तर शैली बसायची आहे आणि ऑर्डरची वेळ आलेली नाही. नव्या माणसाची पाठ काम करायला लागली की ओढ वाढते. मग सुरुवातीच्या मापाने बनवलेलं धनुष्य जड वाटायला लागतं.

कारागिराला लिहिताना ‘४० पौंड’ एवढंच लिहू नका. ‘माझ्या २७ इंचांच्या ओढीला ४० पौंड’ असं लिहा.

हरणाच्या शिकारीचं पौंडेज घेणं

या विषयावरचा बहुतेक सल्ला अमेरिकेतून येतो आणि तो शिकाऱ्याने शिकाऱ्याला दिलेला असतो. तिथल्या अनेक राज्यांत हरणाच्या शिकारीसाठी धनुष्याचा किमान ताण ठरवून दिलेला आहे, तोही बऱ्याच ठिकाणी ४० पौंडांच्या आसपास. म्हणून तिकडे ४५-५५ हे ‘नॉर्मल’ समजतात. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. आपला बाण गवताच्या किंवा फोमच्या लक्ष्यात जायचा आहे, आणि त्यासाठी ३० ते ४० पौंड भरपूर झाले. टेक्सास-ओहायोत राहून खरोखरच शिकारीचा परवाना काढणाऱ्या मराठी मंडळींचा हिशेब वेगळा, त्यांनी आपल्या राज्याचे नियम पाहावेत.

जड धनुष्याचा तोटा फक्त खांदा दुखण्यापुरता नसतो. अँकरला पोचायच्या आतच दोरी सुटायला लागते, नेम लागायच्या आधी बोटं उघडतात, आणि ही खोड एकदा लागली की हलक्या धनुष्यावरही पाठ सोडत नाही. पुरुषांच्या बाबतीत यात पौंडांचा अहंकारही असतो, तो बाजूला ठेवलेला बरा. कसोटी अशी: अर्धा-पाऊण तास बाण सोडून झाल्यावर धनुष्य पूर्ण ओढून धरा. सात-आठ सेकंदांत हात थरथरायला लागला, तर ते पौंडेज तुमचं नाही. आज ज्या वजनावर तुम्ही निवांत आहात, त्याच्या फार तर चार-पाच पौंड वरचं बनवून घ्या. ‘हळूहळू सवय होईल’ म्हणून पंधरा पौंडांची उडी मारणाऱ्यांची देखणी धनुष्यं भिंतीवर टांगलेली दिसतात.

आखूड धनुष्याचा मोह

बेअर कंपनीचं कोडियाक मॅग्नम ५२ इंचांचं होतं, सुपर मॅग्नम तर ४८ चं. झुडपांतून वाट काढणाऱ्या, झाडावर बसून नेम धरणाऱ्या शिकाऱ्याला एवढी आखूड लांबी सोयीची. फोटोत ती फार गोंडस दिसतात, म्हणून अगदी तसंच हवं अशी मागणी होते.

पण लांबी कमी तसा पूर्ण ओढीला दोरीचा कोन तीव्र होतो. बाणाभोवती बोटं चिमटली जातात. शेवटच्या इंच-दोन इंचांत ताण एकदम चढतो, त्याला स्टॅकिंग म्हणतात. सुटताना बोटं दोरीला बाजूला ढकलतात आणि बाण वाकडा निघतो. २८ इंचांपर्यंत ओढ असेल तर ५८ ते ६० इंच बरी, २९ च्या पुढे ६२, तिशी गाठत असाल तर ६४ किंवा जास्त. लक्ष्यावरच खेळणार असाल तर आणखी दोन इंच वाढवायला हरकत नाही, लांब धनुष्य नवशिक्याच्या चुका पोटात घालतं. त्या काळातली खास टार्गेटसाठी बनलेली धनुष्यं ६६ ते ७० इंचांची असत, हे शिकारी फोटोंच्या गर्दीत विसरलं जातं.

हात, डोळा, बोटं न कळवणं

‘राइट हँड’ धनुष्य डाव्या हातात धरतात आणि उजव्या हाताने ओढतात. यात गोंधळ होऊन उलटं धनुष्य मागवणारे आजही भेटतात. मुळात निर्णय डोळ्यावर घ्यावा: दोन्ही पंजे पुढे करून मध्ये छोटी फट ठेवा, तिच्यातून लांबची खूण पाहा, मग एकेक डोळा मिटा. जो डोळा उघडा असताना खूण जागेवर राहते, तो तुमचा प्रबळ डोळा.

ग्रिपसाठी पंजाचं माप आणि आवडीची मनगटाची ठेवण कळवा. मनगट उंच, मध्यम की खाली टेकलेलं, हे शब्दांत सांगण्यापेक्षा सध्याचं धनुष्य धरलेल्या हाताचा फोटो पाठवा.

बोटांबद्दल मात्र कोणी विचारलं नाही तरी स्वतःहून सांगा. एक बोट बाणाच्या वर आणि दोन खाली धरता, की तिन्ही खाली? वरच्या आणि खालच्या लिम्बच्या (वाकणाऱ्या पात्यांच्या) ताणातला फरक, म्हणजे टिलर, त्यावर ठरतो. एक वर दोन खाली धरणाऱ्यांसाठी वरच्या लिम्बकडे दोरीचं अंतर साधारण पाव इंचापर्यंत जास्त ठेवतात, तिन्ही खाली धरणाऱ्यांसाठी ते जवळजवळ समान असतं. टिलर चुकीचा असला तर धनुष्य आवाज करतं, आणि एकसंध धनुष्यात तो नंतर बदलणं सोपं नसतं.

बाण कुठले वापरणार तेही लिहा. रायझरची बाणाकडची बाजू मध्यरेषेपर्यंतच कापलेली असेल तर बाणाला वळसा जास्त घ्यावा लागतो, म्हणून तो अधिक लवचीक हवा. मध्यरेषेच्या थोडं पलीकडे कापली तर कार्बनचे ताठ बाणही चालतात. शेल्फवरून (रायझरमधल्या बाण टेकवायच्या जागेवरून) थेट सोडणार असाल तर बाणाला पिसंच लावा. पिसांऐवजी लावतात ते प्लास्टिकचे व्हेन शेल्फला धडकतात.

दोरीचा प्रश्न शेवटी आठवणं

खरोखरचं जुनं धनुष्य घेतलं असेल तर डॅक्रॉनचीच (किंचित ताणणाऱ्या पॉलिएस्टर धाग्याची) दोरी. न ताणणाऱ्या डायनीमासारख्या धाग्यांच्या दोऱ्या १९८० च्या दशकात आल्या, त्याआधीच्या लिम्बची टोकं त्या झटक्यासाठी बनलेली नव्हती, ती चिरतात. नवं बनवून घेत असाल तर टोकं मजबूत करून मागा आणि कुठली दोरी चालेल ते लेखी घ्या. दोरी साधारणपणे धनुष्याच्या लांबीपेक्षा चार इंच आखूड असते.

लाकूड

लिम्बवरचा देखणा थर मुख्यतः डोळ्यांसाठी असतो. खरं काम फायबरग्लास आणि आतला मेपल किंवा बांबू करतात. रायझर मात्र जड लाकडाचा असेल तर हात स्थिर राहतो. परदेशातून मागवताना रोझवूडचं नाव काढाल तर थांबा: ब्राझिलियन रोझवूड १९९२ पासून सायटिस या धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या कराराच्या सर्वांत कडक परिशिष्टात आहे, आणि २०१७ पासून शिसवीची बाकी सगळी डालबर्जिया प्रजाती दुसऱ्या परिशिष्टात आली. २०१९ पासून त्यातल्या तयार वस्तूंना वजनाच्या मर्यादेत सवलत आहे, तरी कागदपत्रं कोण देणार ते पैसे भरण्याआधी विचारा. सीमाशुल्क वेगळं. अक्रोड किंवा मेपल घेतलात तर ही कटकटच नाही.

आणि ६० इंच म्हणजे १५२ सेंटिमीटर. विमानाने फिरणाऱ्याने तीन तुकड्यांत सुटं होणारं टेकडाउन धनुष्य घ्यावं, त्याला पुढे वेगळ्या वजनाचे लिम्बही लावता येतात. स्पर्धेचा विचार असेल तर आधी नियमावली वाचा. साताऱ्याच्या अदिती स्वामी आणि नागपूरच्या ओजस देवतळे यांनी २०२३ मध्ये बर्लिनला विश्वविजेतेपद मिळवलं ते कंपाउंडमध्ये, आणि आपल्याकडच्या इंडियन राउंड या स्पर्धाप्रकाराला बांबूचं धनुष्य लागतं. जुन्या धाटणीचं फायबरग्लासचं रिकर्व्ह या दोन्हींत बसत नाही.

धनुष्य आलं, पण काहीतरी बिनसलंय

पहिल्या दिवशी एक गोष्ट करू नका: पाय आत घालून, मांडीवर वाकवून दोरी चढवणं. लिम्बला पीळ पडतो तो यानेच. स्ट्रिंगर (दोरी चढवायची वेगळी मदतीची दोरी) वापरा. चढवल्यावर दोरीच्या बाजूने पाहा. ती दोन्ही लिम्बच्या मधोमध जायला हवी. जात नसेल तर आधी दोरीचे फास खाचांत नीट बसलेत का ते बघा. बसलेले असूनही वाकडी दिसली तर बाण न सोडता फोटो काढून कारागिराला पाठवा.

फार आवाज किंवा मनगटाला दोरीचा फटका: ब्रेस हाइट कमी आहे. ग्रिपच्या खोलगट जागेपासून दोरीपर्यंत साठ इंची धनुष्याला साधारण पावणेआठ ते साडेआठ इंच लागतात. दोरी उतरवून तिला थोडे पीळ द्या, म्हणजे अंतर वाढेल. एकेक पायरी चढत, जिथे आवाज सर्वांत कमी होतो तिथे थांबा. डॅक्रॉनची नवी दोरी पहिले काही दिवस ताणते, म्हणून रोज मोजा.

हाताला धक्के बसतात: बाण फार हलके असतील. धनुष्याच्या दर पौंडामागे बाणाचं वजन निदान आठ ग्रेन (बाणाच्या वजनाचं एकक) ठेवा, दहा ठेवलेत तर धनुष्य लगेच शांत होतं. ४० पौंडांना ४०० ग्रेन.

बाण सतत डावीकडे: नेम बदलण्याआधी बिनपिसांचा एक बाण सोडून पाहा. उजव्या हाताने ओढणाऱ्याचा तो पिसांच्या बाणांच्या डावीकडे लागला तर बाण ताठ आहेत, उजवीकडे लागला तर मऊ. खाली लागला तर दोरीवरचा नॉकिंग पॉइंट (बाण अडकवायची खूण) थोडा खाली घ्या. जवळून सुरुवात करा, दहा मीटरपेक्षा लांबून नाही.

ओढताना ‘टक्’ असा आवाज आला तर जागीच सावकाश दोरी परत न्या, बाण सोडू नका. दोरी उतरवा आणि कापसाचा बोळा लिम्बच्या कडांवरून फिरवा, जिथे अडकेल तिथे ग्लास उकललेला असतो. वार्निशमधल्या केसाएवढ्या आडव्या रेषा जुन्या धनुष्यांवर नेहमीच्या, त्यांना घाबरायचं कारण नाही. नखाला लागणारी चीर असेल, मग ती कुठल्याही दिशेने गेलेली असो, तर ते धनुष्य पुन्हा ओढू नका.

बाणाशिवाय दोरी सोडून बघणं नवं धनुष्य मोडायला पुरेसं आहे. घरी पाहुणे आले की हे होतंच, तेव्हा दाखवायचं तर दोरी उतरवून दाखवा. विदर्भातल्या मे महिन्यात बंद गाडीत ठेवू नका, आतल्या उष्णतेने थरांमधला गोंद सुटू शकतो. कोकणातल्या पावसाळ्यात कापडी पिशवीत, आडवं, दोन खुंट्यांवर ठेवा. कोपऱ्यात टेकवून उभं केलं की खालच्या लिम्बवर महिनोन् महिने वजन येत राहतं.